शेजारच्या रानातला रात्रीचा बार

(मराठवाड्यातल्या एका शेतवस्तीवर राहणाऱ्या वाचक ताईंच्या लांबलचक पत्राचा हा सारांश. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

आमची वस्ती गावापासून दोन किलोमीटरवर आहे. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि सात वर्षांचा मुलगा. बांधाला बांध लागून चुलत सासऱ्यांचं रान. त्यांचा मुलगा तालुक्याच्या गावी असतो. गेल्या हिवाळ्यापासून शनिवारी रात्री तो तीन-चार मित्रांना जीपमध्ये घालून येतो आणि अकरानंतर बॅटऱ्या मारत सशाची शिकार सुरू होते. बंदुकीचा बार इतका जवळ वाजतो की मुलगा दचकून उठतो. एकदा गाय दावं तोडून पळाली. मागच्या महिन्यात गोठ्याच्या पत्र्यावर टपटप आवाज आला, सकाळी बघितलं तर छर्रे. मी विषय काढला की हे म्हणतात, "विहीर सामाईक, आपली वाट त्यांच्या रानातून. गप्प बस." सासरे म्हणतात, "ससाच मारतात ना, वाघ तर नाही! आम्हीपण वाघूर (शिकारीचं जाळं) लावायचो." चुलत सासऱ्यांकडे बंदुकीचा परवाना आहे आणि रानही त्यांच्याच मालकीचं, त्यामुळे कायद्याने काही होणार नाही असं सगळे सांगतात. दुसऱ्या दिवशी काकू प्रेमाने रश्श्याचा डबा पाठवतात, तो परत करायची हिंमत होत नाही. वस्तीवर चारच घरं, तक्रार केली तर नाव माझंच येणार. "जरा लांब जाऊन मारा" एवढंच सांगावं का? की मीच हे जास्त मनावर घेतेय?

प्रिय ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, तुम्ही जास्त मनावर घेत नाही आहात. गोठ्याच्या पत्र्यावर छर्रे पडले याचा अर्थ बंदुकीचं तोंड तुमच्या घराकडे होतं. गंमत अशी की तुमच्या मूळ पत्रात छऱ्यांना दोन ओळी मिळाल्या आहेत आणि विहीर, वाट, भावकी यांना दीड पान. मला हे समजतं. छर्रे एकदा पडले, विहिरीची पाळी दर आठवड्याला येते. पण माझं उत्तर मी उलट्या क्रमाने लिहिणार आहे, कारण विहिरीचं भांडण मिटवता येतं.

आधी कायद्याचं बघू, कारण तुमच्या घरात सगळे ज्या गोष्टी गृहीत धरून बसले आहेत त्यातल्या बऱ्याच चुकीच्या आहेत.

आपल्या माळरानावर दिसतो तो काळ्या मानेचा ससा. तो वन्य प्राणी आहे आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ त्याला लागू होतो. पूर्वी तो या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत होता. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूच्यांची फेररचना झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि ससा आता दुसऱ्या अनुसूचीत आहे. कलम ९ नुसार पहिल्या दोन्ही अनुसूच्यांतल्या प्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. वाघासाठी शिक्षा जास्त कडक आहे, एवढं सासऱ्यांचं बरोबर. पण सशासाठीसुद्धा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. हेच अभयारण्याच्या हद्दीत घडलं तर किमान तीन वर्षं. शिवाय कायद्याच्या भाषेत शिकार म्हणजे फक्त ठार मारणं नव्हे. फासा लावणं, जाळ्यात धरणं, हाकारा करून हुसकावणं, आमिष दाखवणं आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणंसुद्धा शिकारच धरली जाते. म्हणजे "काल रिकाम्या हाताने परत आलो" ही सबब चालत नाही. वाघूर लावलेली चालत नाही आणि एअरगनही चालत नाही. कमी ताकदीच्या एअरगनला परवाना लागत नाही हे खरं आहे, पण तिने ससा मारला तरी गुन्हा तोच.

"रान त्यांच्या मालकीचं आहे" हे तुम्हाला ज्याने सांगितलं त्याने सातबारा बघितला असेल, कायदा नाही. सातबाऱ्यावर जमीन असते. तिच्यावरून रात्री उड्या मारत जाणारा ससा त्या खातेदाराच्या नावावर चढत नाही. शिकारीची बंदी जंगलात जशी आहे तशीच ती गायरानात, माळावर आणि स्वतःच्या हरभऱ्यातही आहे. (पांढरे, लाल डोळ्यांचे, पिंजऱ्यात पाळतात ते ससे वेगळे. ते परदेशी जातीचे पाळीव प्राणी आहेत. कधी पकडलं गेलंच तर "आम्ही पाळलेला कापला" असं सांगितलं जाईल म्हणून हे लिहून ठेवते.)

आता परवाना. इथे तुमच्या घरातल्या सगळ्यांची मोठी गफलत होते आहे. शस्त्र परवाना बंदूक बाळगण्याचा असतो. शेतकऱ्यांना तो बहुधा पीकसंरक्षणासाठी किंवा स्वसंरक्षणासाठी मिळतो. आपल्याकडच्या ठासणीच्या बंदुका बऱ्याचशा पीकसंरक्षणाच्याच नावाखाली दिलेल्या आहेत. या परवान्यातून वन्य प्राणी मारायची मुभा मिळत नाही. पिकाला किंवा माणसाला खरोखर धोका असेल तर त्या प्राण्यासाठी वनविभागाकडून वेगळी लेखी परवानगी घ्यावी लागते, कारणं दाखवावी लागतात. शनिवारी रात्री तालुक्याहून जीप भरून आलेल्या मित्रांना अशी परवानगी मिळाली असेल असं मला तरी वाटत नाही.

आणखी एक गोष्ट तुम्ही पत्रात जाता जाता लिहून गेलात, पण ती महत्त्वाची आहे. परवाना चुलत सासऱ्यांचा आहे आणि ते नऊ वाजता झोपतात. मग बार कोण काढतो? परवाना ज्याच्या नावाचा त्याच्यापुरताच असतो. बापाच्या बंदुकीने मुलगा किंवा मुलाचा मित्र बार काढत असेल तर त्याच्या हातात ती बंदूक विनापरवाना आहे. नुसत्या विनापरवाना बंदुकीला शस्त्र अधिनियमात किमान दोन वर्षांची कैद आहे आणि अडचणीत बापही येतो. त्यात २०१९ च्या दुरुस्तीने एक नवी तरतूद आली, कलम २५ चं पोटकलम ९. लग्नात हवेत गोळीबार करणाऱ्यांमुळे ती गाजली, पण ती तेवढ्यापुरती नाही. बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे बंदूक चालवून दुसऱ्याच्या जिवाला धोका निर्माण केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुमच्या गोठ्याच्या पत्र्याला हे कलम अगदी चपखल लागू होतं. इथे परवाना असला-नसला तरी फरक पडत नाही.

हे सगळं मी तुम्हाला उद्या सकाळी पोलीस ठाण्यात जा म्हणून सांगत नाही. घरात जेव्हा "कायद्याने काही होत नाही" असं म्हटलं जातं तेव्हा पुढची चर्चा तिथेच संपते. ती संपू नये म्हणून सांगते.

खरा धोका मात्र कायद्याच्या पुस्तकात नाही, रात्रीच्या अंधारात आहे. बॅटरीचा झोत पडला की ससा क्षणभर जागीच थबकतो आणि त्याचे डोळे चमकतात. मारणारा त्या चमकेवर नेम धरतो. झोताच्या पलीकडे त्याला काहीही दिसत नसतं. बांधापलीकडे घर आहे, गोठा आहे की कोणी उभं आहे, हे त्याला माहीत नसतं. शेळीचे, वासराचे, कुत्र्याचेही डोळे तसेच चमकतात. बारीक छर्रे दोनशे-अडीचशे मीटरपर्यंत जाऊन पडतात, मोठे त्याहून लांब. आणि जीपच्या टपावर बसून उतरत्या रानात मारलेला बार नक्की कुठे जातो याचा हिशेब मारणाऱ्याकडेही नसतो.

रात्री रानात कोण असणार, असं शहरात राहणाऱ्याला वाटेल. तुम्हाला सांगायला नको. थ्री फेजची लाइट रात्रीची असली की माणूस बारा वाजता उठून पाण्याची मोटार चालू करायला जातो आणि पहाटेपर्यंत दारं धरतो. ज्वारीच्या राखणीला कोणी झोपलेलं असतं. रिकाम्या रानात मेंढ्या बसवलेल्या असतात, त्यांच्याभोवती धनगराचं अख्खं कुटुंब उघड्यावर निजलेलं असतं. उसाच्या पट्ट्यात तोडकऱ्यांच्या कोप्या असतात. यातला प्रत्येकजण अंधारात नुसती एक हालचाल असतो. २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्या गावकऱ्यांपैकी एकाच्या गोळीने त्यांच्याच सोबतचा माणूस मेला. डुक्कर समजून गोळी झाडली होती. बाकीच्यांनी भीतीने प्रेत जंगलात लपवलं. कोकणातल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा, अशी एखादी हकिकत त्याच्या पंचक्रोशीतली निघेल. ती माणसं काही गुन्हेगार म्हणून घरून निघालेली नव्हती. तुमचा चुलत दीरही नसेल. मी तुमच्या जागी असते तर यजमानांना कायदा सांगण्याआधी एवढंच विचारलं असतं, की पुढच्या शनिवारी लाइट रात्रीची आहे, तुम्ही मोटारीवर जाणार की नाही?

म्हणूनच "जरा लांब जाऊन मारा" हे मला पटत नाही. तुम्हाला ती तडजोड वाटते आहे, पण नीट बघा. लांब म्हणजे कुठे? तुमच्या वस्तीपासून लांब म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी वस्तीजवळ. शिवाय हे एकदा तुमच्या तोंडून गेलं की शिकारीला तुमची हरकत नाही, फक्त आवाजाला आहे, असा त्याचा अर्थ घेतला जाईल. पुढे कधी तक्रार करायची वेळ आली तर "तुम्हीच तर म्हणालात, तिकडे मारा" हे तुम्हाला ऐकवलं जाईल. बोलायचं असेल तर बंदुकीबद्दल बोला. जागेचा सौदा करू नका.

सासऱ्यांच्या वाघुरीबद्दल थोडं. त्यांच्या तरुणपणी वस्तीवर कोरड्यास मिळायची मारामार असेल, माळ मोकळा होता, चार माणसं पायी जाऊन एखादा ससा धरून आणत. हे सगळं खरं असेल. त्यांना गुन्हेगार ठरवून तुम्हाला काही मिळणार नाही, उलट ते दुखावतील. पण आता त्या माळावर प्लॉट पडलेत, विहिरी आणि शेततळी झालीत, आणि जो ससा उरलाय त्याच्यावरच खोकड, लांडगा, गरुड असे बाकीचे जगतात. पायी वाघूर लावणारे चौघे आणि जीपच्या हेडलाइटमध्ये रात्रभर बार काढणारे चौघे यांच्यातला फरक सासऱ्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला कळतो. त्यांना आपल्या बाजूला घ्यायचं असेल तर तिथून बोला. "तुम्ही कधी घरांच्या दिशेने बार काढला होता का?" असं विचारा. जुन्या शिकाऱ्याला असल्या अडाणी नेमबाजीचा राग येतो, असा माझा अनुभव आहे.

आणि एक खटकलेलं सांगते, रागावू नका. पत्रात तुम्ही लिहिलंय, "पारध्यांनी केलं तर समजू शकतो, पण ही शिकलेली मुलं." पारधी समाजावर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने गुन्हेगार असा शिक्का मारला होता. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण गावात कुठे ससा मेला, कोंबडी गेली की आजही पहिला संशय तिकडेच जातो. तुमची तक्रार मोघम असली, "रात्री कोणीतरी शिकार करतं" एवढीच असली, तर चौकशीची पहिली फेरी त्यांच्याच पालावर जाण्याची भीती आहे, आणि जीपवाले घरी निवांत. तेव्हा लिहाल तर जीप लिहा, वार लिहा, वेळ लिहा.

आता काकूंचा डबा. हे वाचून तुम्ही थोड्या हादराल. कायद्याच्या कलम ३९ नुसार शिकार केलेला वन्य प्राणी आणि त्याचं मांस ही सरकारची मालमत्ता ठरते. ते जवळ बाळगणंही चालत नाही, आणि हातात आलंच तर ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवायचं असतं. एका वाटी रश्श्यासाठी कोणी तुमच्या दारात येईल असं मी म्हणत नाही. पण उद्या प्रकरण उभं राहिलं तर ज्यांच्या घरी डबा गेला त्यांची साक्ष लटकी पडते, आणि डबा वाटण्यामागे, काकूंच्या मनात नसलं तरी, मुलांच्या मनात तो हिशेब असू शकतो. ज्याने वाटा खाल्ला तो बोलत नाही, हे गावात कोणाला शिकवावं लागत नाही. डबा नाकारायला भांडण लागत नाही. "काकू, पोराच्या तोंडात छर्रा आला तर? शिशाचा असतो तो. आम्ही आता सशाचं खात नाही. कोंबडीचं केलंत तर हक्काने मागून नेईन." हे खोटंही नाही. शिसं लहान मुलांना खरंच वाईट, आणि छऱ्याचे कण रश्श्यात सापडतात.

मग करायचं काय? मला तुमच्यापुढे तीन वाटा दिसतात, आणि त्या एकामागून एक घ्याव्यात असं मी सुचवेन. अपवाद एकच: पुन्हा घराच्या दिशेने बार आला तर सगळा क्रम सोडून थेट ११२.

पहिलं बोलणं चुलत सासऱ्यांशी. त्या मुलाशी नको, रात्री तर मुळीच नको. शिकारीला आलेल्या, कदाचित प्यायलेल्या, हातात बंदूक असलेल्या पोरांसमोर अंधारात जाऊन उभं राहणं हे धाडस नाही, आणि तुमच्या यजमानांनाही ते करू देऊ नका. दिवसा, सासऱ्यांना सोबत घेऊन, पत्र्यावरचे छर्रे कागदात घेऊन जा. जायच्या आधी छऱ्यांचे, पत्र्यावरच्या पोच्यांचे फोटो काढून ठेवा, बाजूला एखादं नाणं ठेवून, म्हणजे आकार कळेल. सगळे छर्रे नेऊ नका, काही जागच्या जागी राहू द्या. बोलणं साधारण असं: "तात्या, हे आमच्या गोठ्यावर पडले. नातू अंगणात असता तर? बंदूक तुमच्या नावावर आहे. काही झालं तर पोलीस आधी तुम्हाला विचारणार, पोरगं तालुक्याला निघून गेलेलं असेल. बंदूक कुलपात ठेवा." एवढंच. ससा, वन्यजीव, कलम हे त्या दिवशी काढायची गरज नाही. म्हाताऱ्या माणसाला आपल्या परवान्याची काळजी असते. तो दर काही वर्षांनी नूतनीकरणाला जातो, तिथे पोलिसांचा अहवाल लागतो. माझा अंदाज, निम्म्या घरांत प्रकरण इथेच थांबतं.

ते म्हणतील, हरभरा खातात ससे, कोवळी भुईमूग कुरतडतात. खातात, यात खोटं नाही. पण ससा उंदरासारखा बीळ करत नाही, गवतात खळगा करून दिवसभर दबून बसतो. त्यामुळे रोपवाटिकेला किंवा भाजीच्या वाफ्याला दोन-अडीच फूट उंचीची बारीक जाळी, खालची कड मातीत दाबून, एवढ्यावर बरंच भागतं. शंभर एकरांचं काय, असा प्रश्न निघाला तर शंभर एकरांतले ससे महिन्यातल्या चार शनिवारांनी संपतात का, हे त्यांनाच विचारा.

बोलून उपयोग झाला नाही तर दुसरी वाट, ती म्हणजे तक्रार एकटीची राहू न देणं. तुमच्या चार घरांव्यतिरिक्त त्या शिवारात रात्री वावरणारे किती जण आहेत याची मोजदाद करा. मोटारीवर जाणारे, मेंढरं बसवणारे, दुधाची गाडी घेऊन पहाटे निघणारा. यातल्या कोणालाही सशाचं सोयरसुतक नसेल, पण बाराची भीती सगळ्यांना आहे. चार-पाच सह्यांचा अर्ज ग्रामपंचायतीत द्या आणि ग्रामसभेत ठराव मागा: आपल्या शिवारात रात्री बंदूक चालवायला आणि शिकारीला मनाई, तसा फलक लावावा, प्रत वनविभागाला आणि पोलीस ठाण्याला पाठवावी. कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. बऱ्याच गावांत ती कागदावरच आहे, पण कागदावर असली तरी तिच्या नावाने ठराव येऊ शकतो, आणि मग तो ठराव तुमचा राहत नाही, गावाचा होतो. पोलीस पाटलांनाही अर्जाची प्रत द्या. गावात गुन्हा घडत असेल तर वर कळवणं हे त्यांचं कामच आहे, मग ते कुणाचे मामा का असेनात.

तिसरी वाट थेट तक्रारीची. वनविभागाचा चोवीस तासांचा क्रमांक १९२६, पोलिसांचा ११२. जीप आली, बॅटरी फिरायला लागली की फोन तेव्हाच करायचा. दुसऱ्या दिवशी केलेल्या फोनवर वनरक्षक येऊन रान बघून जातो, हाती काही लागत नाही. तुमच्याकडे तर वार आणि वेळ दोन्ही ठरलेले आहेत. त्यामुळे आधीच वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना, म्हणजे आरएफओंना, लेखी अर्ज देऊन शनिवारी रात्री गस्त मागता येते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायला विसरू नका. अर्जात जे पाहिलं-ऐकलं तेवढंच लिहा. ससा मारताना पाहिला नसेल तर "मारला" लिहू नका. तारीख, वेळ, गाडीचा क्रमांक, किती बार, कोणत्या दिशेने, छर्रे कुठे सापडले. काडतुसाचं रिकामं टरफल बांधावर दिसलं तर हात न लावता फोटो काढा आणि पंचनाम्याला येतील त्यांना जागा दाखवा. व्हिडिओ घ्यायचा तर घरातून, खिडकीतून. आणि कृपा करून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काहीही टाकू नका. त्याने फक्त जीपवाले सावध होतात आणि तुमच्यावर बदनामीचा आळ येतो.

"नाव येईल" या भीतीबद्दल मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. वन्यजीवांच्या गुन्ह्यात न्यायालयात तक्रार दाखल करतात ते अधिकृत वनाधिकारी. खबर देणारा फिर्यादी असावा लागत नाही, आणि नाव गुप्त ठेवा असं तुम्ही सांगू शकता. हे कागदावरचं. प्रत्यक्षात चार घरांच्या वस्तीवर लोक अंदाज बांधतातच, आणि अंदाज बहुधा बरोबर निघतो. मी सह्यांच्या अर्जावर इतका जोर दिला तो याचसाठी. दहा जणांवर संशय असला की राग पातळ होतो.

दुसऱ्या बाजूचंही वजन करा. शस्त्र अधिनियमाच्या कलम ३६ नुसार या कायद्याखालचा गुन्हा घडतोय हे ज्याला माहीत आहे त्याने, सबळ कारण नसेल तर, जवळच्या पोलीस ठाण्याला कळवलं पाहिजे, आणि कारण सबळ होतं हे दाखवण्याची जबाबदारीही त्याचीच. विहीर सामाईक होती, हे कारण कितपत टिकेल मला शंका आहे. यजमानांना हे कलम धमकी म्हणून वाचून दाखवू नका. पण "गप्प बसलं की आपण सुरक्षित" असं त्यांना जे वाटतंय ते तितकंसं खरं नाही, हे त्यांना कळायला हवं.

तोवर शनिवारचं काय? जीपचा आवाज आला की अंगणातला आणि गोठ्यातला दिवा लावून ठेवा. इथे घर आहे हे लांबून दिसलं पाहिजे. अंगणात झोपायची सवय असेल तर त्या रात्री आत. मोटारीवर जावंच लागलं तर बॅटरी चालू ठेवून, मोठ्याने बोलत किंवा मोबाइलवर गाणं लावून जायचं. अंधारात वाकून चालणारं कुणी दिसलं की काय होतं ते वर लिहिलंच आहे. जनावरं शक्यतो गोठ्याच्या आतल्या बाजूला बांधा. मुलगा विचारेल तर त्याला खरं सांगा, ते लोक चुकीचं करतायत आणि आपण ते थांबवायला मोठ्या माणसांशी बोलतोय. सात वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं.

विहीर आणि वाट यांचं मी शेवटी ठेवलं होतं. समजा, बिनसलं. पाळीच्या दिवशी मोटारीची पेटी बंद निघाली, किंवा वाटेवर काट्या पडल्या. हे झालं तर ते शिकारीच्या प्रकरणात मिसळू नका, दोन्ही अर्ज वेगळे राहू द्या. शेताची वहिवाटीची वाट किंवा पाणी कोणी अडवलं तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. वाट आज चालू आहे तोवर तिचे फोटो, बैलगाडी-ट्रॅक्टर जातानाचे, तारखेसह काढून ठेवा. सातबाऱ्यावर विहिरीची आणि पाण्याच्या हिश्श्याची नोंद आहे का तेही तलाठ्याकडून बघून घ्या. नसेल तर यजमानांना या आठवड्यात ते काम सांगा, शिकारीचं नाव न काढता. ते नाही म्हणणार नाहीत.

आणि गुन्हा दाखल झालाच, मुलगा अडकला आणि काकू रडत तुमच्या दारी आल्या, "तक्रार मागे घे गं" म्हणाल्या, तर त्यांना पाणी द्या, बसवा आणि खरं तेच सांगा, की वनगुन्हा सरकारचा असतो, तो मागे घेणं आता आपल्या हातात नाही. मुलाला चांगला वकील बघून द्यायला तुमचे यजमान त्यांच्यासोबत तालुक्याला जाऊ शकतात. त्यात विसंगत काही नाही.